खोड आणि गोंगाट

कर्वेनगर, पुणे
१३ फेब्रुवारी २०००

ती. आत्या,

वाकून नमस्कार. खुर्चीतूनच वाकले आहे, पण मनापासून.

बाबांनी तुला सगळं सांगितलंच असेल आणि त्यांच्या पद्धतीने सांगितलं असेल, म्हणून माझी बाजू लिहिते. होय, आमच्या कंपनीत आता मी आणि शाइस्ता अशा दोघीच उरलो आहोत. बाकीच्यांना मोठ्या कंपन्यांनी उचललं. तिथे कँटीन आहे, न्यायला-आणायला बस आहे. आमच्याकडे दत्तप्रसाद सर आहेत आणि त्यांची उमेद आहे. जुलैअखेर तैवानहून सीडी ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीची माणसं येणार. आमचं काम त्यांना पसंत पडलं तर ते त्यांच्या ड्राइव्हमध्ये बसेल. नाही पडलं तर सर कंपनीला कुलूप लावतील आणि मी यवतमाळला परत येऊन पॉलिटेक्निकात शिकवीन. बाबांनी तिथल्या रावसाहेबांना सांगून ती जागा धरून ठेवलीच आहे. दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली ती तुझ्यामुळे, हे मला ठाऊक आहे.

तू विचारलं होतंस, मी नेमकं करते काय. सीडीवर बारीक खुणा असतात, काही लांब, काही आखूड. त्यांवरून लेसरचा ठिपका फिरतो. खूण असेल तिथून प्रकाश कमी परत येतो, नसेल तिथून जास्त. त्याची एक चढउतारांची रेघ तयार होते. रेघ ठरावीक उंचीच्या वर गेली की इथे खूण नाही म्हणायचं, खाली आली की आहे म्हणायचं. ऐकायला सोपं आहे. पण लेसरचा ठिपका खुणांपेक्षा मोठा पडतो, त्यामुळे एका खुणेवर असताना तो शेजारणींचाही प्रकाश घेऊन येतो. त्यात आता लोक घरी बसून स्वस्तातल्या सीड्यांवर स्वतः रेकॉर्डिंग करायला लागलेत. त्या लिहिताना तापतात, खुणा पसरतात, तबकडीच मुळात वाकडी असते. वर विजेचा खरखराट. मग रेघ इतकी वेडीवाकडी येते की काय खरं आणि काय खोटं हे ठरवणं मुश्कील. ते ठरवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो.

तैवानवाल्यांनी खराब सीड्यांचा एक डबाच पाठवलाय. त्यातल्या सगळ्यात वाईट सीडीचं नाव शाइस्ताने सासूबाई ठेवलंय. तिने आजवर कोणालाच दाद दिलेली नाही. ती वाचता आली तर आम्ही जिंकलो.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या मागच्या पत्रातल्या ओळी शेवटाशेवटाला खाली घसरल्या होत्या. अख्खी शाळा तुझ्या कोऱ्या कागदावरच्या सरळ ओळींची शपथ घ्यायची. एसटीत बसून लिहिलंस का?

तुझी,
नम्रता


यवतमाळ
२७ फेब्रुवारी २०००

चि. नम्रता,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी निराळे लिहीत नाही.

होय, एसटीतच लिहिले. दारव्ह्याला लग्नाला चालले होते. ड्रायव्हरला रस्त्यातले खड्डे मोजायचे होते आणि मला पत्र संपवायचे होते. दोघांचेही काम झाले.

तुझे पत्र दोनदा वाचले. सीडीचे पहिल्यांदाच समजले. दुसऱ्यांदा वाचावे लागले ते तुझ्या अक्षरामुळे. इंजिनिअर झालीस तरी अक्षर चौथीतलेच राहिले.

तुझा बाप नागोराव परवा आला होता. पोरगी बुडत्या कंपनीत बसली आहे म्हणाला. मी म्हटले, दिवाळी दिवाळीलाच येते, आधी येत नाही, तोवर चहा घे. तो चांगला माणूस आहे, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट पेन्शनीच्या मापाने मोजायची सवय आहे. मला नागपूरला एम.एस्सी.ला पाठवायचे नाही असे घरात ठरले, तेव्हा माझ्या वतीने दिवाळीपर्यंतची मुदत मागणारे कोणी नव्हते. तुझ्या वतीने आहे. तेव्हा तू सासूबाईंकडे लक्ष दे.

यंदा बोर्डाचे पेपर तपासायला घेतले नाहीत. कंटाळा आला. बाकी सगळे ठीक.

आत्या


कर्वेनगर, पुणे
२ एप्रिल २०००

ती. आत्या,

नमस्कार. यंदा पेपर नाहीत हे वाचून नवल वाटलं. उन्हाळ्यात गठ्ठ्यांशिवाय तुझं घर डोळ्यांसमोरच येत नाही. असो, विश्रांती घे.

इकडची बातमी चांगली नाही. आम्ही दोघींनी ठरवलं की सगळा दोष गोंगाटाचा, म्हणजे विजेतून आणि तारांतून जो खरखराट शिरतो त्याचा. म्हणून तारांना पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद गुंडाळला. मार्चच्या उकाड्यात पंखे बंद ठेवून काम केलं. तरी चुका हटेनात. मग संशय गेला पाण्याच्या पंपावर. आमचं ऑफिस एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे आणि भिंतीपलीकडे घरमालकांचा पंप. मी धीर करून श्यामसुंदररावांकडे गेले आणि विचारलं, कामाच्या वेळात पंप बंद ठेवाल का.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "ठेवतो ना. पाणी काय, रोज लागतंच असं नाही. आपण आम्हाला आंघोळीची एखादी सीडी द्या, ती लावून बसू."

पण बोलले तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खरंच पंप आमच्या वेळेनंतर लावायला सुरुवात केली, आणि वरच्या मजल्यावरच्या बायका आमच्याकडे बघेनाशा झाल्या. एवढं करून उपयोग शून्य. सासूबाईंच्या चुका तितक्याच. शाइस्ता म्हणाली, "पंखा बंद, पंप बंद. आता आपण दोघी श्वास बंद करून ट्राय करू." आम्ही हसलो, पण दोघींनाही रडू आलं होतं. काल कोणीतरी जागा बघून गेलं. क्लासेससाठी हवी आहे म्हणे.

आत्या, मला यवतमाळला यायचं नाही. तुझ्याकडे यायला आवडतं, पण हरून यायचं नाही. हे बाबांना सांगू नकोस.

तुझ्या ओळी याही वेळी घसरल्यात. आता घरात बसून एसटी कुठून आली?

नम्रता


यवतमाळ
२१ एप्रिल २०००

चि. नम्रता,

एसटी नाही, टेबल. एक पाय आखूड झाला आहे. पोपट सुताराला सांगितले आहे. तो उद्या येतो म्हणतो आणि त्याचा उद्या त्याच्याच कॅलेंडरात असतो.

रडू आले तर रडावे, त्याने काम अडत नाही. पण मला एक सांग. पंप बंद केल्यावरही चुका तितक्याच राहिल्या असे तू लिहितेस. तितक्याच की त्याच? वर्गात मी हे आधी पाहत असे. धांदरट पोर दर वेळी निराळी चूक करते. आज इथे, उद्या तिथे. त्याला जरा दटावले की पुरते. पण दुसरे पोर दर वेळी नेमकी तीच चूक करते, त्याच जागी. ते धांदरट नसते, त्याला ती खोड लागलेली असते. त्याला दटावून काही होत नाही. खोड कोणती ते ओळखावे लागते, आणि एकदा ओळखली की त्या पोराइतके सोपे पोर नाही, कारण ते पुढे काय करणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. तुझी सासूबाई धांदरट आहे की खोडकर, हे पाहिलेस का?

आता पेपरांवरून आठवले. एकदा पुसदच्या एका मुलाचा पेपर दोघा परीक्षकांनी वाचता येत नाही म्हणून बाजूला काढला होता. शून्य देणार होते. मी मागून घेतला. लोक थेट उत्तर वाचायला जातात आणि अडकतात. पोरे आधी प्रश्न उतरवून काढतात ना? मी तो उतरवलेला प्रश्न वाचते. तिथे काय लिहिलेले असायला हवे ते माझ्या हातातल्या छापील कागदावर असते. त्यावरून कळते, हा मुलगा काय लिहायला जातो आणि कागदावर काय उमटते. मग उत्तराकडे वळते. त्याचे अक्षर माझ्या मापाने मोजत नाही, त्याच्याच मापाने मोजते. एकेक अक्षर लावत बसत नाही, अख्खे वाक्य कोणते असू शकेल ते पाहते. त्या मुलाला सत्तर मार्क पडले. गिचमिड होती, पण प्रामाणिक होती.

याचा तुला उपयोग नाही. पेपर नाहीत म्हणून पेपरांच्या गोष्टी सांगते आहे, एवढेच.

आत्या


कर्वेनगर, पुणे
१८ जून २०००

ती. आत्या,

खुर्चीतून उठून, खाली बसून, डोकं टेकवून नमस्कार. पत्राला उशीर झाला, कारण तुझं पत्र आल्यापासून आम्हाला मान वर करायला वेळ नाही.

तितक्याच की त्याच, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. आम्ही फक्त चुका मोजत होतो. मोजायला सोपं जातं ना. तुझं पत्र वाचून सासूबाईला दोनदा चालवलं, पंप बंद ठेवून एकदा आणि पंप सुरू असताना एकदा. दोन्हींचे छापील कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. आत्या, चुका त्याच. जवळजवळ सगळ्या, त्याच जागी. थोड्या इकडच्या तिकडे होत्या, तेवढाच काय तो गोंगाट. बाकी सगळी खोड. शाइस्ताने एकेक चूक बोट ठेवून पुन्हा जुळवून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपण महिनाभर बिचाऱ्या पंपाला शिव्या दिल्या."

आता पुढचं ऐक. सीडीवर दर थोड्या अंतराने एक ठरलेला नमुना असतो, सगळ्या सीड्यांवर सारखा. नवा भाग कुठे सुरू होतो ते समजावं म्हणून तो ठेवतात. आम्हीही त्यावरून सुरुवात शोधायचो आणि तो टाकून द्यायचो. तोच तुझा उतरवलेला प्रश्न. तिथे काय असायला हवं ते आपल्याला ठाऊक आहे आणि प्रत्यक्ष काय उमटलंय ते समोर आहे. आता आमचा प्रोग्रॅम आधी तिथे त्या सीडीची खोड शिकतो. ही खुणा किती पसरवते, शेजारीण आली की रेघ किती खाली ओढते. नमुना लहान आहे, सगळ्या खोडी त्यात दिसत नाहीत, म्हणून पुढे जे खात्रीने वाचता येतं त्यातूनही तो शिकत जातो. सगळ्यांना एकच उंची लावणं बंद. एकेक खूण सुटी ठरवणंही बंद. शेजारच्या सगळ्या खुणा मिळून कोणती ओळ जुळते ते तो पाहतो.

काल सासूबाई निम्म्याहून जास्त बोलली. अजून पूर्ण नाही, आणि प्रोग्रॅम इतका फुगलाय की त्यांच्या चिपमध्ये मावणार नाही. शाइस्ता कात्री घेऊन बसली आहे. पाहुणे अठ्ठावीस जुलैला येणार.

श्यामसुंदररावांना सांगून आले की आता पंप केव्हाही लावा. ते म्हणाले, "म्हणजे आमचा पंप निर्दोष सुटला. निकालाची एक प्रत फाटकावर लावा, वरच्या मजल्याला वाचू दे."

पोपट सुतार आला का?

नम्रता


यवतमाळ
५ जुलै २०००

चि. नम्रता,

फार आनंद झाला. त्यापलीकडे लिहिण्याची मला सवय नाही, तू समजून घे.

सुतार येऊन गेला. टेबल ठीक आहे. पण पावसाळ्यात इथे दिव्याला जोर नसतो, तेव्हा ओळी जागेवर नसतील तर दोष वीज मंडळाचा. आधीच सांगून ठेवते म्हणजे तुला विचारावे लागणार नाही.

परीक्षा होईपर्यंत इकडे फिरकू नकोस. कोणी काहीही कळवले तरी निघायचे नाही. इथे काही अडलेले नाही. शेजारची राधा येऊन-जाऊन असते, तुझे पत्रही तिनेच वाचून दाखवले, कारण मी पोळ्या करत होते. रावसाहेब नागोरावाला जागेबद्दल विचारत होते. मी निरोप पाठवला आहे की मुलगी कामात आहे.

पत्र लहान आहे. कामे आहेत.

आत्या


कर्वेनगर, पुणे
३० जुलै २०००

ती. आत्या,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. समोर बसल्यावर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहून आणते आहे.

आधी गोड बातमी. परवा पाहुणे आले, तिघे. त्यांच्यात एक वयस्कर इंजिनिअर होता. आम्ही सासूबाईचं पान मांडून तयार होतो, तर त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. स्वतःच्या बॅगेतून दुसरीच सीडी काढली. गाडीत, काचेखाली, उन्हात राहून वाकलेली. त्यांच्या ड्राइव्हने ती तोंडात घेतली आणि थुंकली. मग आमची पाळी. मी शाइस्ताचा हात इतका आवळला होता की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळहातावर उठला. सुरुवातीला चुकांचा आकडा भराभर चढला, आणि मला पॉलिटेक्निकचा फळा दिसायला लागला. मग खोड कळली. आकडा थांबला. थांबला तो थांबलाच, आणि सीडी सुरळीत शेवटपर्यंत गेली.

म्हाताऱ्याने ती बाहेर काढली, तिच्यावर सावकाश दोन्ही अंगठे उमटवले आणि परत आत घातली. पुन्हा वाचली. मग सासूबाई. तीही अथपासून इतिपर्यंत, एका शब्दानेही तक्रार न करता. त्याने चष्मा काढून पुसला आणि दत्तप्रसाद सरांना विचारलं, हे कुठल्या विद्यापीठातून घेतलंत. सर म्हणाले, "आमच्या या दोघींनी केलंय, इथेच." एरवी सर आमच्या कामाला बरं आहे याच्या वर जात नाहीत. त्या दिवशी त्यांनी सगळ्या बंगल्याला आइस्क्रीम आणलं, वरच्या मजल्यालासुद्धा. करारावर काल सह्या झाल्या. मी जिंकले, आत्या. आपण जिंकलो.

आता दुसरी गोष्ट. काल घरी येऊन तुला पत्र लिहायला घेतलं आणि तुझी जुनी पत्रं काढली. गेल्या वर्षीची आणि या वर्षीची शेजारी शेजारी मांडली. महिनोन्महिने जे काम करते आहे तेच घरी केलं, उशिरा का होईना. एसटी, टेबलाचा पाय, दिवा. कारणं दर वेळी निराळी, घसरण मात्र एकच. प्रत्येक ओळ डावीकडून सरळ निघते आणि उजव्या बाजूला ठरावीक जागेपलीकडे गेली की खाली येते. ती जागा दर पत्रागणिक डावीकडे सरकली आहे. एसटीच्या खड्ड्यांनी ओळी अशा घसरत नाहीत, आत्या. खड्डे हा गोंगाट. ही खोड आहे, आणि ती कागदाची नाही.

तुला उजवीकडचं दिसत नाहीये. डावा डोळा लहानपणापासून मंद, म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर. म्हणून पेपर नाही घेतले. म्हणून राधाने पत्र वाचलं. तू आयुष्यात कधी पोळ्या करताना पत्र वाचायची थांबली नाहीस, पोळी करपली तरी. आणि इकडे फिरकू नकोस म्हणालीस ते माझ्या परीक्षेसाठी. मला हे एप्रिलमध्ये कळायला हवं होतं. तूच शिकवलं होतंस आणि मी ते फक्त सीडीला लावलं.

कोथरूडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बुधवारची वेळ घेतली आहे. पिशवी भर. हे वाचशील त्याच संध्याकाळच्या गाडीने परत निघायचं आहे. दोन तिकिटं काढलेली आहेत.

नम्रता


यवतमाळ
५ नोव्हेंबर २०००

चि. नम्रता,

डॉक्टरांनी लिहायला-वाचायला परवानगी दिली. पहिले पत्र तुलाच.

डोळ्याचा आतला पडदा एका कडेने सुटत आला होता, तो त्यांनी जागेवर बसवला. अजून थोडे दिवस गेले असते तर काही करता आले नसते, हे त्यांनी मला तेव्हा सांगितले नाही, परवा मी तपासायला गेले तेव्हा सांगितले. तुला तेव्हाच सांगितले होते म्हणे. म्हणजे लपवण्यात तूही काही कमी नाहीस. परीक्षा चालू असताना घरचे आजारपण कळवायचे नाही ही आपल्याकडची रीत, आणि मी ती पाळली. आता वाटते, ही रीत बंद करावी. तुझ्या वेळेला तू असे करू नकोस.

ऑफिसशेजारच्या तुझ्या खोलीतले ते दिवस मला आवडले, पट्टी बांधलेली असूनही. शाइस्ताच्या आई, अख्तरबानू, रोज डबा घेऊन यायच्या आणि मी संपवला की नाही ते हात लावून पाहायच्या. श्यामसुंदरराव पेपर वाचून दाखवायचे. बातमी कमी आणि त्यांची टीका जास्त, पण करमणूक झाली. आणि पहाटे त्यांचा पंप सुरू झाला की मला बरे वाटायचे. निर्दोष माणसाचा आवाज आहे तो.

आता तुझ्या बापाची बातमी. दिवाळीला तू आली नाहीस, काम होते, ते बरोबरच केलेस. पाडव्याच्या दिवशी नागोराव स्वतः रावसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या, आमच्या मुलीला सवड नाही. मी मागे उभी होते म्हणून ऐकले. दिलेला शब्द त्याने मागे घेतला तो जन्मात पहिल्यांदा, आणि असा मागे घेतला की जणू बक्षीस वाटतो आहे. आता तो मेन लाइन बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसतो आणि गिऱ्हाइकाने सीडी ड्राइव्ह हातात घेतली की विचारतो, यात आमचे आहे का. तुमचे ड्राइव्ह बाजारात यायला अजून वर्ष आहे हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, चौकशी करून ठेवायला काय हरकत आहे. दुकानदार त्याला आता चहा देतो.

काल तुझी सगळी पत्रे काढून पहिल्यापासून पुन्हा वाचली, आपल्या डोळ्यांनी. मधल्या काळात बरेचसे अंदाजाने वाचले होते. पाहते तर सगळे बरोबर लागले होते. तुझ्या अक्षराची खोड मला चौथीपासून ठाऊक आहे, तिचा उपयोग झाला. एप्रिलच्या पत्रात तू लिहिले होतेस की हरून यायचे नाही. ते वाक्य तेव्हा मला दिसत नव्हते, कागदाच्या अगदी उजव्या टोकाला होते. तरी ते तिथे आहे हे मला कळले होते.

बोर्डाला पत्र टाकले आहे. मार्चचे पेपर घेईन म्हणून कळवले.

हे पत्र कोऱ्या कागदावर, रेघा न आखता लिहिले आहे. उजव्या टोकापर्यंत प्रत्येक ओळ पाहा, हवे तर काचेवर धरून पाहा, आणि दहापैकी किती मार्क देतेस ते कळव. ग्रेस नको.

आत्या